नवमीची पळी

रोज पहाटे साडेपाचला आंघोळ करून मी देवासमोर बसतो. एक निरांजन लावतो आणि एकशे आठ मण्यांची माळ ओढतो. त्यातले पहिले वीस-पंचवीस मणी नामस्मरणात जातात, बाकीचे भांडणात. भांडण कधी देवाशी असतं, कधी काकांशी, आणि गेल्या वर्षापासून बहुतेक माझ्या स्वतःशीच. शेवटच्या मण्याला पोचलो की हात जोडून दोनच शब्द म्हणतो, "आज नाही." म्हणजे आज पिणार नाही, उद्याचं उद्या बघू. सात वर्षं होऊन गेली, एकही सकाळ चुकलेली नाही. अंगात ताप असताना म्हटलं, प्रवासात धर्मशाळेच्या खाटेवर बसून म्हटलं, भाऊ गेला त्या सकाळीसुद्धा म्हटलं.

हे ऐकलं की लोकांना वाटतं, हा माणूस केवढा शांत झाला असेल. भाबडे असतात लोक. दारू सोडली म्हणजे फक्त दारू सुटते. राग, हेवा, भित्रेपणा सगळं जिथल्या तिथे असतं, उलट त्याच्यावरचं झाकण गेल्यामुळे जास्त दिसतं. माझी बायको म्हणते, "पीत होतात तेव्हा निदान रात्री झोपून तरी जायचात. आता चोवीस तास टोमणे." तिचं म्हणणं खोटं नाही.

मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो. ग्वाल्हेरच्या कुठल्या गल्लीखालून कुठली वाहिनी जाते हे मला तळहातासारखं पाठ होतं. मग एक वेळ अशी आली की सकाळी हात थरथरायचे आणि सरळ रेघ निघायची नाही. घरून निघताना दोन घोट घेतले की निघायची. शेवटी घोट घेऊनही निघेना, तेव्हा साहेबांनी मला बोलावून पेन्सिल हातात दिली आणि समोर एक रेघ ओढायला सांगितली. मी ओढली. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर मला पडावच्या खोलीची वाट कोणीतरी दाखवली. स्टेशनजवळ एका धर्मशाळेच्या मागे ती खोली आहे. पिणं सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं तिथे रोज संध्याकाळी जमतात. एकमेकांना आपली कथा सांगतात, चहा पितात आणि घरी जातात. तिथे एक रेल्वेचे निवृत्त गार्ड आहेत, मिशा पांढऱ्या, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. त्यांनी मला हाताशी धरलं. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "सुबह पूजा में बैठो." मी म्हटलं, माझा विश्वास नाही, मन लागत नाही. ते म्हणाले, "मन लगे न लगे, बैठो. दाँत माँजते हो तो दाँतों से पूछते हो क्या?" मग दुसरी गोष्ट सांगितली, "और दूसरों के कप धोओ. जितनी देर कप धोओगे, उतनी देर अपने बारे में नहीं सोचोगे."

तेव्हापासून त्या खोलीतला चहा माझ्याकडे आहे. पातेलं, गाळणी, साखरेचा डबा, चाळीस कप. नवीन आलेल्या माणसाचे हात कापत असतात, म्हणून त्याचा कप अर्धाच भरायचा, म्हणजे सांडत नाही आणि तो ओशाळत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या स्वतःच्या सांडलेल्या चहावरून कळलं. कित्येक अनोळखी माणसांच्या पाठीवर मी तिथे हात ठेवला. काहींना हॉस्पिटलात पोचवलं, काहींच्या बायकांना फोन करून धीर दिला. आमच्या भागात माझं नाव निघायला लागलं. आणि घरी माझा सख्खा धाकटा भाऊ पीत होता. बायको म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी चिडायचो.

भावाचं पाटणकर बाजारात चष्म्याचं दुकान होतं. बोटभर काड्या, मोहरीएवढे स्क्रू, सगळं बारीक काम. त्याचा हात माझ्याहून चांगला होता. लहानपणी घड्याळ उघडून परत लावायचा, आणि ते चालायचं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या पहिल्या नवमीला, तो सतरा वर्षांचा असताना, त्याला त्याच्या आयुष्यातली पहिली दारू मी दिली. लपूनछपून नाही. सगळ्या घरासमोर, देवाच्या साक्षीनं, पाटावर बसवून दिली.

हे नीट सांगायला हवं. आमचं घराणं फौजेतलं. दक्षिणेतून आलेले पूर्वज शिंद्यांच्या लष्करात होते, म्हणून आम्ही अजून शिंदे की छावनीत राहतो. फौज गेली, संस्थान गेलं, आता आमच्यातला कोणी विमा विकतो, कोणी शाळेत शिकवतो. पण दोन तलवारी आणि एक खंजीर राहिला आहे, आणि खंडेनवमीला त्यांची पूजा होते. लाल कापडावर शस्त्रं मांडायची, पाण्यानं धुवायची, गंध-फूल वाहायचं. मग चांदीच्या पळीनं पात्यावर दारूची धार सोडायची. खाली वाटी धरलेली असते, धार तिच्यात उतरते. त्या वाटीतली एक पळी तलवारीची मूठ धरून बसलेल्या माणसानं प्यायची. बाकीच्यांनी फक्त बोट बुडवून ओठाला लावायचं. मूठ धरण्याचा मान घरातल्या थोरल्या भावाचा. तो नसला तर त्याच्या पाठच्याचा. मान रिकामा ठेवायचा नाही, एवढी एक गोष्ट आमच्यात पक्की आहे.

त्या वर्षी मूठ मी धरली होती. माझी पळी पिऊन झाल्यावर मला भावाचा चेहरा दिसला, वडलांविना बावरलेला. मला वाटलं, याला आपण मोठा झालो असं वाटू दे. मी वाटीत पळी बुडवली आणि त्याच्या तोंडाशी नेली. काका कौतुकानं हसले. आईनं पदराला डोळे पुसले. भावानं तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळे आणखी हसले. त्याला पुढे दारूनं धरलं यात एका पळीचा दोष किती, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, तसा हिशेब नसतो. डॉक्टरांचा भाऊ नव्हता तो.

मी सोडल्यावर नवमीची अडचण झाली. पहिल्या वर्षी मी काकांना म्हटलं, या वर्षापासून नारळाचं पाणी वापरू. काका तेव्हा पंचाहत्तरचे होते, ताठ. वर्षातून तेवढीच एक बोटभर दारू त्यांच्या ओठाला लागते, त्यामुळे त्यांना दारू म्हणजे काय ते कधी कळलेलंच नाही. ते म्हणाले, "तुला झेपली नाही म्हणून भवानीनं का उपाशी राहायचं?"  त्या वर्षीपासून सहा वर्षं मी नवमीला काहीतरी कारण काढून घराबाहेर राहिलो. मूठ भाऊ धरायचा, पळी भाऊ प्यायचा. तो तसाही पीत होता, मग एका पळीनं काय होणार, असं मी मनाला सांगायचो. आपल्याला सोयीचं असलं की मन काहीही ऐकून घेतं.

मागच्या वर्षी श्रावणात मात्र भाऊ आपणहून माझ्याकडे आला. सकाळची वेळ होती, मी माळ घेऊन बसलो होतो. तो दारात उभा राहून म्हणाला, "दादा, काल मी एका बाईला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला. ती पायरीवरून पडली. जास्त लागलं नाही, पण मी बघितलं ना." मग म्हणाला, "मला तुझ्यासोबत घेऊन चल." मी माळ अर्धी सोडून उठलो. सात वर्षांत तेवढी एक माळ अर्धी राहिली, आणि तीच सगळ्यात चांगली लागली असं मला वाटतं.

तो पडावला येऊ लागला. पहिले चार दिवस वाईट गेले, घाम, उलट्या, भास. मग हळूहळू माणसात आला. पहाटे माझ्याकडे यायचा, माझ्या शेजारी पाटावर बसायचा. त्याला माळ ओढायचा कंटाळा, म्हणून डोळे मिटून नुसता बसायचा आणि शेवटी माझ्याबरोबर म्हणायचा, "आज नाही." संध्याकाळी तो कप विसळायचा, मी पुसायचो. दुकानात त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारायला सुरुवात केली, एका दिवसाची एक. एकदा मी गिऱ्हाईक नसताना गेलो तर तो एका म्हाताऱ्याच्या काडीचा स्क्रू बसवत होता. हात स्थिर होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "बघून राहिलास ना?" मी म्हटलं, "बघतोय." मला त्या वेळी झालेला आनंद मला पुन्हा कधी होईल असं वाटत नाही.

नवमीच्या आधी आठ दिवस आम्ही दोघं काकांकडे गेलो. मी पुन्हा नारळाच्या पाण्याचं काढलं. काकांनी भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरीकडे बोट दाखवलं आणि तोच पाठ म्हटला. मी जोर लावायला हवा होता. पण काकांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, लहानपणापासून. परत येताना भाऊ म्हणाला, "मग मी येतच नाही पूजेला." मी त्याला म्हटलं, "तू ये. लोक विचारतील, तुझ्या बायकोला ऐकून घ्यावं लागेल. मूठ मी धरीन. पळी हातात घेईन आणि तुळशीत ओतीन, बघू कोण काय म्हणतो. मी आहे ना, तू परेशान नको होऊ."

मी आहे ना. हे तीन शब्द मी बोललो, आणि ते भावानं धरून ठेवले.

नवमीला अकरा वाजता सगळे जमले. दहा-पंधरा माणसं, काकांची मुलं इंदूरहून आलेली, बायका स्वयंपाकघरात. मी मूठ धरून पाटावर बसलो, भाऊ माझ्या डाव्या हाताला. पाण्यानं धुणं झालं, गंध झालं, झेंडू वाहिले. काकांनी पिशवीतून पव्वा काढला आणि झाकण फिरवलं.

सहा-सात वर्षं मी त्या वासाच्या इतक्या जवळ गेलो नव्हतो. पडावला पिऊन आलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तो वेगळा, आंबलेला, त्याची किळस येते. हा ताजा होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं, गिळावं लागलं. मूठ धरलेला हात गरम झाला आणि डोक्यात एक अगदी समंजस आवाज म्हणाला, एक पळीच आहे, देवाची आहे, आणि रीत पाळल्याचं पुण्य वर. मला आजवर जितक्या वेळा फसवलं गेलं, ते याच आवाजानं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. गार्डसाहेबांचा होता. सणाच्या दिवशी माणसं जास्त घसरतात म्हणून पडावची खोली त्या दिवशी सकाळपासून उघडी ठेवतात, आणि दुपारचा चहा ज्याच्याकडे होता तो आला नव्हता. "पच्चीस लोग बैठे हैं. आ सकते हो क्या? नहीं तो कोई बात नहीं, बाहर से मँगा लेंगे."

बाहेरून मागवता येत होता. ते स्वतः म्हणाले होते. आणि मी म्हणालो, "आलोच."

उठताना मी काकांना म्हटलं, "सेवेचं काम आहे, जावं लागेल." सेवा हा शब्द मी मुद्दाम वापरला. काकांना तो आवडला, त्यांनी मान डोलावली. भावाकडे मी बघितलं नाही. त्याला म्हटलं, "जेवून ये तिकडे," ते त्याच्या गुडघ्याकडे बघून म्हटलं. तो हळूच म्हणाला, "दादा, थांब ना पाच मिनिटं." मी चपला घालत होतो. ऐकू आलं होतं.

पडावला मी उत्तम चहा केला. आलं घातलं, वेलची घातली. पंचवीस माणसांना पाजला, एका रडणाऱ्या पोराजवळ अर्धा तास बसलो. गार्डसाहेब म्हणाले, "आज आपने बचा लिया." माझ्या अंगात कसलं तरी हलकं वाटत होतं, आणि त्याला मी समाधान समजत होतो. भाऊ आला नाही. दोन वाजले, तीन वाजले. तेव्हा मला रीत आठवली. मी उठलो म्हणजे मान पाठच्याचा.

घरी पोचलो तर भाऊ गच्चीच्या जिन्यात बसला होता. हसत होता. म्हणाला, "एक पळीच होती, दादा. मूठ रिकामी होती ना." काका आतून म्हणाले, "मी काय जबरदस्ती केली? त्याला म्हटलं, थोरला गेला, तू बस. बसला बिचारा." धाकटी, म्हणजे भावाची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्यामागे त्यांचा एकुलता मुलगा, सतरा वर्षांचा. तिच्या हातात पुऱ्यांची परात होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि परात तशीच आत घेऊन गेली. दिवेलागणीला भाऊ कलारीवर गेला. दारूच्या दुकानाला आमच्याकडे कलारी म्हणतात. दुकानाच्या भिंतीवर सदुसष्ट रेघा होत्या. अडुसष्टावी त्यानं मारली नाही.

यानंतर मी काय केलं नाही ते विचारा. रोज त्याच्या घरी गेलो. हात जोडले, शिव्या दिल्या, गार्डसाहेबांना घेऊन गेलो. दोन वेळा दवाखान्यात भरती केलं, दोन्ही वेळा तो आठवड्यात बाहेर आला. पालथ्या घड्यावर पाणी. आधी तो टाळायचा, मग दार उघडेना. एकदा उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहून अगदी शांतपणे म्हणाला, "तू तुझ्या लोकांकडे जा ना. त्यांना चहा पाहिजे असेल." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

थंडी उतरता उतरता त्याला कावीळ झाली, पोट फुगलं, रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. शेवटचे नऊ दिवस तो हॉस्पिटलात होता. मी त्याच्याजवळ बसायचो, ओठांना ओला कापूस लावायचो. हे काम मी कितीतरी परक्यांचं केलं होतं, हात सरावलेले होते. एका दुपारी तो शुद्धीवर होता, धाकटी औषध आणायला खाली गेली होती. तो छताकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तुला वास सहन नाही झाला ना, दादा? फोनचं काय, फोन तर असाच होता."

मी हो म्हटलं. खोटं बोलायची सोय राहिली नव्हती.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. मग डोळे मिटून म्हणाला, "मलाही नव्हता होत."

तिसऱ्या दिवशी तो गेला. सकाळी साडेपाचला मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून माझे दोन शब्द म्हटले होते, तो आठाच्या सुमाराला गेला. लोक म्हणाले, तुझी साधना बघ, एवढ्या दुःखात ढळला नाहीस. स्मशानातून परत येताना पायांनी मला आपोआप कलारीच्या वळणावर नेलं होतं. मी तिथे उभा राहिलो. मग पडावला गेलो आणि चाळीसच्या चाळीस स्वच्छ कप पुन्हा धुतले. सुतकात होतो, त्यामुळे चहा करून कोणाला पाजता येत नव्हता. कप धुवायला मात्र मला कोणी अडवलं नाही. मी प्यालो नाही. याचा मला अभिमान नाही. कधीकधी तर राग येतो, की मी वाचलो आणि कशाच्या जोरावर वाचलो ते मला ठाऊक आहे.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्याकडे आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिनं टेबलावर ठेवलं. नवमीची पळी होती. पूजेनंतर घासायला म्हणून तिच्याकडे राहिली होती. तिनं मला कधी मान वर करून उत्तर दिलेलं नव्हतं, मी मोठा दीर. त्या दिवशी तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. "दादा, ही तुम्ही घेऊन जा. माझ्या घरात नको. तुमच्या लोकांच्या चहात साखर घालायला कामी येईल." बायकोनं तिला बस म्हटलं, पाणी आणलं. ती पाणी न पिता गेली.

टोमणा होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी ती खरंच पडावला नेली आणि साखरेच्या डब्यात टाकली. रोज संध्याकाळी चाळीस कपांना तिनंच साखर पडते. लांब दांड्याची, टोकाला नागाचा फणा असलेली पळी बघून एखादा विचारतो, ये कहाँ से लाए? मी म्हणतो, घरातली आहे. रोज ती हातात घेताना मला भावाचं तोंड दिसतं, सतरा वर्षांचं, वेडंवाकडं झालेलं. रोज. गार्डसाहेबांनी सांगितलं होतं की कप धुताना माणूस स्वतःचा विचार करत नाही. धुताना नसेल करत, पण साखर घालताना करतो.

यंदा नवमी आली. वर्षश्राद्ध व्हायचं आहे, दुखवट्याचं वर्ष, त्यामुळे घरात सण नाही, शस्त्रं ट्रंकेतच राहिली. मला याचीही चीड आली. जी धार मला सात वर्षांत थांबवता आली नाही, ती भावाच्या मरणानं आपसूक थांबवली, आणि कोणी एक शब्द काढला नाही, भवानी उपाशी राहील म्हणून कोणी ओरडलं नाही. रीत मोडायला माणूस मरावा लागतो, आणि तेव्हाही ती मोडत नाही, नुसती वर्षभर झोपते.

सकाळपासून मी पडावलाच होतो. साडेअकराच्या सुमाराला काकांचा फोन आला. त्यांचा आवाज आता थकला आहे. इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाले, "ट्रंक उघडून बघितली. तलवारींना तेल लावलं. पळी सापडत नाही. तुझ्याकडे आहे का?"

"आहे."

"बरं झालं. कुठे ठेवलीस?"

"साखरेच्या डब्यात. पडावला."

 मग म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी आण. आणि आता मधेच उठून जाऊ नकोस हो. तुझ्या पाठीमागे आता भावाचा मुलगाच आहे. एकोणीसचा होईल तो, मूठ धरता येईल त्याला."

समोर पातेल्यात पाणी तापत होतं. माझ्या हातात पळी होती. ती मी आडवी धरली होती, काही सांडू नये अशी, आणि तिच्यात काहीच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"पळी येणार नाही. दारू येणार नाही. पूजा करायची तर मी नारळाचं पाणी घेऊन येईन, नाही तर तलवार नदीत टाकीन. तो मुलगा त्या पाटावर बसणार नाही, काका."

काकांनी "अरे" म्हटलं, पुन्हा "अरे" म्हटलं, आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. काही झालं नाही. एका ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्यानं फोन ठेवला, बस. एवढंच होणार होतं. मागच्या वर्षीही एवढंच झालं असतं.

सात वर्षं रोज सकाळी मी 'नाही' हा शब्द स्वतःसाठी म्हणत आलो. एकदा, फक्त एकदा, तो भावासाठी म्हणायचा होता.